कोकणातील गावनावांचे इंग्रजी स्पेलिंग

कोकण किनाऱ्यावरील गावे, किल्ले व जिल्हे यांची नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची रीत. देवनागरीत ही नावे बहुतेक स्थिर आहेत; इंग्रजीत मात्र एकाच गावाची दोन-तीन रूपे आजही एकाच वेळी चालतात.

सुरुवातीची स्पेलिंगे परक्या कानाला जे ऐकू आले त्यावरून ठरली. वसईचे पोर्तुगीज रूप पुढे इंग्रजांच्या लेखी ‘बॅसीन’ झाले आणि १८०२ चा वसईचा तह इंग्रजी ग्रंथांत त्याच नावाने नोंदला गेला. सुवर्णदुर्गाचे तर ‘सेव्हर्नड्रूग’ झाले. विल्यम जेम्स या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला. त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. तो अजून उभा आहे आणि हर्णैसमोरच्या या जलदुर्गाचे बिघडलेले नाव अजून मिरवतो. सुवर्णदुर्गाविषयीचे जुने इंग्रजी कागद शोधायचे तर हे स्पेलिंग माहीत हवेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटर यांच्या पद्धतीमुळे लिप्यंतराला, म्हणजे नावे रोमन अक्षरांत लिहिण्याला, शिस्त आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा. त्यात ‘आ’साठीच्या ‘ए’वर खूण आहे आणि सावंतवाडीतले दोन्ही ‘व’ व्ही या अक्षराने लिहिले आहेत. पुढे रोजच्या छपाईतून खुणा गेल्या, अ आणि आ एकाच ‘ए’त मावले. ळ-ल आणि ण-न यांतला भेदही इंग्रजीत उरत नाही, म्हणून बाहेरचा वाचक दाभोळला ‘दाभोल’ म्हणतो. सावंतवाडीचे दोन्ही ‘व’ आता डब्ल्यूने लिहितात. मालवणला बहुधा व्ही, क्वचित डब्ल्यू. अलिबागच्या शेवटच्या अक्षरात कोणी नुसता ‘ए’ लिहितो, कोणी त्याला ‘यू’ जोडतो. कणकवलीच्या रेल्वे स्टेशनच्या नावात ‘व’नंतर एक ‘ए’ आहे, त्याच नावाच्या विधानसभा मतदारसंघात तो नाही.

सर्वांत घोटाळ्याचे उदाहरण रायगडचे. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला हे नाव मिळाले. राज्य शासन शेवटी ‘डी’ लिहिते. २०११ च्या जनगणनेत मात्र तिथे हिंदी ‘गढ’मधल्या ‘ढ’चे ‘आरएच’ आहे. छत्तीसगडमधल्या रायगढ जिल्ह्याचे स्पेलिंगही अक्षरशः तेच. त्यामुळे नुसत्या नावावरून दोन तक्ते जोडले की महाडची लोकसंख्या छत्तीसगडच्या खात्यात जाण्याचा धोका असतो. ‘गड’ हा मराठी शब्द आहे, त्यात ‘ढ’ला जागा नाही, जनगणनेने हे रूप बदलायला हवे.

लेखनात राज्य शासनाचे रूप घेऊन ते मजकूर, नकाशा आणि सूची या तिन्हींत एकसारखे ठेवणे उत्तम. जुन्या कागदांतील उताऱ्यांत मूळ स्पेलिंग तसेच ठेवतात आणि सूचीत त्यापुढे आजचे नाव देतात. संख्यात्मक तक्त्यांत नावाऐवजी जनगणनेचा जिल्हा क्रमांक वापरणे अधिक सुरक्षित.