सातबारा की फेरफार? ठाणे-नवी मुंबईत पूर्वज शोधताना कोणता कागद काय सांगतो

घराण्याची माहिती जमवायला निघालेला माणूस सगळ्यात आधी सातबारा काढतो. ते साहजिकही आहे. मोबाइलवर महाभूलेख उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर टाकायचा की उतारा समोर येतो. त्यावर आजोबांचं नाव सापडलं की शोध संपल्यासारखा वाटतो. नाही सापडलं तर ‘आपल्या नावावर कधी काही नव्हतंच’ असं घरात ठरून जातं. दोन्ही वेळा घाई होते. जमीन कोणाच्या नावावर आहे एवढंच सातबारा सांगतो. ती त्या नावावर कशी आली, त्याआधी कोण वारलं, त्याच्या मागे कोण कोण राहिलं, हे फेरफारात लिहिलेलं असतं. वंशावळ हवी असेल तर मुक्काम फेरफारावर करावा लागतो आणि सातबाऱ्याकडे तिथं पोचण्याची वाट म्हणून बघावं लागतं.

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12. सातमध्ये जमिनीचं क्षेत्र, आकार (म्हणजे जमिनीचा सारा), खातेदारांची नावं आणि ‘इतर हक्क’. बारामध्ये पिकांची नोंद. फेरफार म्हणजे गाव नमुना 6. ही नोंदवही गावाची असते, एका जमिनीची किंवा एका घराची नसते. वारस लागला, वाटप झालं, खरेदी झाली, सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला किंवा उतरला, की तलाठी त्या वहीत पुढचा नंबर टाकून नोंद घेणार. नोंदीचा नंबर, हक्काचं स्वरूप, कोणत्या सर्व्हे नंबर-हिस्सा नंबरवर परिणाम झाला, आणि शेवटी तपासणी अधिकाऱ्याचा शेरा व सही. तो दुसरा रकाना, हक्काच्या स्वरूपाचा, आपल्या कामाचा. घराची हकिकत तिथं असते.

दोन्ही कागद एका नंबरानं जोडलेले असतात. हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाच्या आसपास लहान वर्तुळात आकडे दिसतात. ते फेरफार क्रमांक. नाव कमी झालं असेल तर त्याला कंस केलेला असतो. संगणकीकृत उताऱ्यावर नावासमोर फेरफार क्रमांक असतो आणि ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून वेगळी यादीही छापलेली असते. लोक ही यादी बघतही नाहीत. खरं तर सगळ्या उताऱ्यात वंशावळीच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची ओळ तीच. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे गावाच्या वहीतली एकेक नोंद, आणि त्यातली एखादी नक्की वारसाची निघते.

आमच्या घरातलं उदाहरण देतो. बेलापूर पट्टीतल्या एका गावातली पणजोबांची वारस नोंद. सातबाऱ्यावर त्या काळात नाव एकच, थोरल्या आजोबांचं, आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ फेरफारात मात्र चार ओळी होत्या: खातेदार मयत, त्यास वारस मुलगे तीन, पैकी धाकटा अज्ञान, त्याची अ.पा.क. आई, थोरल्याचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून दाखल करावं, अशी वर्दी. खाली अंगठ्याची निशाणी आणि ‘नोंद मंजूर’. त्या चार ओळींत पणजीचं नाव होतं. घरात सगळे तिला ‘म्हातारी आय’ म्हणत आले. तिचं नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हतं. धाकटा तेव्हा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला होता, त्यामुळे त्याच्या जन्माच्या वर्षाचाही अंदाज बांधता आला.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही अक्षरं ओळखायला शिकलं नाही तर सातबारा हमखास फसवतो. ए.कु.मॅ. लागलेल्या घरात बाकीचे भाऊ सातबाऱ्यावर दिसतच नाहीत. दोन पिढ्यांनी त्यांची नातवंडं उतारा काढतात आणि आपण या घरातले नाहीच की काय अशा शंकेत पडतात. फाट्या तुटलेल्या नसतात. फेरफारात त्या सगळ्या असतात.

तारखांच्या बाबतीतही असंच. सातबाऱ्यावर जिवंत माणूस आणि वीस वर्षांपूर्वी वारलेला माणूस यांत फरक कळत नाही. वारस लावायला कुणी गेलंच नाही तर मयताचं नाव तसंच चालत राहतं. फेरफारात मृत्यूची तारीख बहुतेक लिहिलेली असते, पण नोंदीची तारीख वेगळी असते आणि दोहोंत कधी कधी मोठं अंतर पडतं. कर्ज काढायचं किंवा जमीन विकायची वेळ आली की मग एकदमच दोन पिढ्यांचे वारस लावून घेतलेले दिसतात. म्हणून नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख म्हणून कधीही उतरवून घेऊ नये. मृत्यूची खातरजमा जुन्या गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्या जन्ममृत्यूच्या वहीत, करून घ्यावी. जन्मासाठी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहावं, पण तिथली तारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते हे लक्षात ठेवून.

बायकांविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण वंशावळी काढताना सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला आला. त्याआधीच्या वारस नोंदींत मुलींची नावं सहसा नसतात, कारण मुलगे असताना त्यांना वारस धरतच नसत. तेव्हा 1940 च्या नोंदीत फक्त तीन मुलगे दिसले म्हणून त्या घरात मुलगी नव्हती असं लिहून टाकणं चूक आहे. विधवा दिसते ती कधी पालनकर्ती म्हणून, कधी हयातीपुरती. 1956 नंतर चित्र बदलतं. लग्न झालेल्या मुली सासरच्या नावानं, कधी सासरच्या गावासकट नोंदल्या जाऊ लागतात. आत्या दिवाळ्याला दिली होती की करावे गावात, याचं उत्तर अशा नोंदीत मिळतं आणि तिथून तिच्या फाटीचा धागा हाती लागतो. पण पुढच्याच एक-दोन नोंदींत ‘हक्कसोड’, म्हणजे आपला वाटा सोडून देणं, होऊन त्याच बहिणी कमी झालेल्या दिसतात. आजच्या सातबाऱ्यावर त्यांचा मागमूस राहत नाही. ज्यांना आपल्या आज्या, आत्या, पणज्या वंशावळीत हव्या आहेत त्यांनी वारसाची आणि हक्कसोडीची अशा दोन्ही नोंदींच्या नकला घ्याव्यात.

एका बाबतीत मात्र सातबारा सरस ठरतो. आपल्या भागात कष्ट करणाऱ्या पुष्कळ घरांच्या नावावर जमीन नव्हती; ती घरं दुसऱ्याची जमीन कूळ म्हणून कसत. अशा पूर्वजाचं नाव नमुना 7 च्या खातेदारांत येत नाही. ते ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ म्हणून सापडतं, नाहीतर जुन्या नमुना 12 मध्ये, जमीन करणाराचं नाव आणि ‘रीत’ (जमीन कोणत्या पद्धतीनं कसली जाते) लिहायच्या रकान्यांत. 1948 च्या कूळकायद्यानंतर 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कुळांना मालक मानायचा दिवस आला, कलम 32 ग खाली किमती ठरल्या, 32 म ची खरेदीची प्रमाणपत्रं मिळाली, आणि मग फेरफाराला नोंद होऊन कूळ मालक म्हणून वर चढलं. तुमच्या घराचं नाव फेरफारात साठच्या दशकात अचानक उगवत असेल तर त्यामागे बहुधा हेच आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी जुने हस्तलिखित सातबारे, त्यातही बाराची बाजू, मागावेत.

नवी मुंबईच्या गावकऱ्यांसाठी दोन कागदांतला फरक आणखी टोकाचा आहे. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईच्या प्रकल्पात आल्या. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ अशा गावांतला आजचा उतारा काढला तर बऱ्याच सर्व्हे नंबरांवर घराण्याचं नाव निघून गेलेलं असतं. सातबारा तिथं थांबतो. फेरफाराची वही मात्र कुणी पुसलेली नाही. भूसंपादनाची नोंद शोधायची, तिच्यावरून मागच्या वारस नोंदी, आणि जोडीला भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल. निवाड्यात हितसंबंधितांची नावं असतात आणि संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी जोडलेले वारस दाखले तर अनेक घरांत कपाटातच पडलेले असतात. बाहेर शोधण्याआधी ते बघावेत.

गावठाणातल्या घराचं काय? त्याला सातबारा नसतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे गावातल्या घराचा शोध सातबाऱ्यावर घेऊन काहीच हाती लागणार नाही. जिथं नगर भूमापन झालं आहे तिथं मिळकत पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, आणि जिथं नाही तिथं घरपट्टीची जुनी नोंदवही. प्रॉपर्टी कार्डालाही आपले फेरफार असतात. वाचायची पद्धत तीच.

आता हे मिळतं कुठे. अलीकडचे फेरफार तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि ऑनलाइनही. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या कागदांचं स्कॅनिंग झालेलं आहे आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ते बघता येतात, तेव्हा चकरा मारण्याआधी तिथं चाळून घ्यावं. गुणाकार बुक, फाळणीबारा हे मोजणीच्या बाजूचे कागद तहसीलात मागू नयेत. ते भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे असतात.

तालुका चुकला तर सगळंच चुकतं. नवी मुंबई म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण दिघा ते बेलापूर ठाणे तालुक्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगडच्या पनवेल तालुक्यात. पनवेल 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्या साली तो कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि कुलाब्याचं रायगड पुढे 1981 मध्ये झालं. पनवेलकडच्या घराण्याचे 1883 आधीचे संदर्भ ठाण्याच्या नावाखाली असतात. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, त्यामुळे वसई, डहाणूकडून ठाण्यात आलेल्यांनाही हेच बघावं लागतं.

फेरफार तरी किती मागे नेतो? हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली झाला आणि 1913 मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यात आली. गावोगाव वह्या त्यानंतर सुरू झाल्या. पहिल्या नोंदींत वारलेला माणूस एकोणिसाव्या शतकातला असतो, त्यामुळे चार ते पाच पिढ्या हाती लागतात. अक्षर पुष्कळदा मोडी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथं शिकावं किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावं. आडनाव नसतं, ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच असतं. गावात त्याच नावाचे दोघं-तिघं निघाले की सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर जुळवूनच माणूस नक्की करता येतो. ‘पाटील’ लिहिलेलं असेल तर ते आडनाव की गावकीचं काम, हेही तपासावं.

त्याच्याही मागे जायचं तर सातबारा आणि फेरफार दोन्ही संपतात. मग मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. साष्टी, म्हणजे ठाणे शहर ज्यावर आहे ते बेट, मराठ्यांकडे 1737 पासून 1774 पर्यंत होती, तेव्हा ठाणे शहराच्या बाबतीत पेशवे दफ्तराचा उपयोग तेवढ्याच काळापुरता; खाडीपलीकडच्या मुलखात तो 1817 पर्यंत होतो. तिथं मात्र घर सापडत नाही, सापडतं ते गाव आणि वतनदार.

नकलेचा अर्ज करताना ‘आमच्या जमिनीचे सगळे जुने कागद मिळावेत’ असं लिहू नये. तसा अर्ज पडून राहतो. गावाचं नाव, तालुका, सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर आणि सातबाऱ्यावरून उतरवलेले फेरफार क्रमांक एकेक करून लिहावेत. वारस नोंद असेल तर नुसती नोंद न मागता तिच्यासोबतचे जबाब आणि जोडपत्रंही मागावीत. वारसांनी दिलेली वंशावळ असलीच तर त्या कागदांत असते. नोंद हाती आल्यावर तिच्यात उल्लेखलेला आधीचा नंबर बघायचा आणि पुढचा अर्ज त्या नंबरासाठी करायचा.