एमएसडब्ल्यूचा अर्ज भरताना: पात्रता, कागदपत्रे आणि फील्डवर्क

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते; बीकॉमवालाही अर्ज करू शकतो, इंजिनिअरही. बीएसडब्ल्यूसाठी, म्हणजे समाजकार्याच्या पहिल्या पदवीसाठी, बारावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण असले की पुरते. किमान गुणांची अट विद्यापीठागणिक बदलते, ती माहितीपत्रकात पाहावी.

गुणांच्याही आधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. २०१९ पासून तिथली नोंदणी ‘सोशल वर्क इंग्लंड’कडे आहे आणि तिथे शिकणाऱ्याला याच संस्थेने मंजूर केलेला अभ्यासक्रम लागतो. अमेरिकेत परवाना राज्य देते. त्यासाठी साधारणपणे ‘सीएसडब्ल्यूई’ या समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली पदवी आणि परीक्षा लागते. फी भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

कागदपत्रे नेहमीचीच: सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, दोन शिफारसपत्रे. गुणपत्रिका आणि ओळखपत्रावर नाव अक्षरशः सारखे हवे; नसेल तर दुरुस्तीला आधी लागा, त्यात वेळ जातो. लहान मुले किंवा आजारी माणसांबरोबर काम असेल तर पोलीस पडताळणीही मागतात. जुना गुन्हा नोंदलेला असल्यास तो लपवू नका. नोंद असली म्हणून प्रवेश नाकारतीलच असे नाही, पण लपवलेले उघड झाले तर बाजू सावरणे कठीण.

उद्देशपत्रावर मात्र खरी मेहनत घ्या. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेले असते, की पुढचे वाचायची इच्छा उरत नाही. त्याऐवजी असे काही लिहा: ‘शेजारच्या आजींचा पेन्शनचा अर्ज दोनदा परत आला, कारण दोन कागदांवर जन्मतारीख वेगळी होती. तिसऱ्यांदा मी त्यांच्यासोबत गेलो.’ मग तुम्ही काय केले, कुठे अडलात आणि आजींचा निर्णय आजींनाच कसा घेऊ दिला, ते सांगा. मुलाखतीत प्रश्न यावरच येतात.

राहिले फील्डवर्क, म्हणजे शिकता शिकता संस्थेत जाऊन केलेले प्रत्यक्ष काम. अमेरिकेत बीएसडब्ल्यूला किमान ४०० तास आणि एमएसडब्ल्यूला ९०० तास, तर ऑस्ट्रेलियात किमान १,००० तास भरावे लागतात. आधी एखाद्या सामाजिक संस्थेत केलेल्या नोकरीचे तास अमेरिकेत यात धरत नाहीत, मग अनुभव दहा वर्षांचा का असेना. नोकरी सांभाळून शिकणार असाल, तर आठवड्यातले कोणते दिवस फील्डवर्कला जातील हे विभागाला विचारा आणि साहेबांशी सुट्टीचे बोलून मगच प्रवेश पक्का करा.