दिवा एकीचा, रणांगण दुसरीचे : नाइटिंगेल आणि सीकोल

दरवर्षी १२ मे रोजी, बाहेर ऊन भाजून काढत असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केळापूर तालुक्यात परिचारिका दिन साजरा होतो. हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि त्यांनी रणांगणावर जाऊन जखमी सैनिकांची सेवा केली, हे वाक्य भाषणात हमखास येते. या एका वाक्यात दोन स्त्रिया मिसळल्या आहेत आणि त्यात मेरी सीकोल यांचे नाव पुसले गेले आहे.

दोघीही क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) होत्या, म्हणून हा घोटाळा होतो. नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन ब्रिटिश सरकारच्या वतीने तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रणांगण काळ्या समुद्रापलीकडे होते आणि जखमी जहाजाने आणले जात. तेथे सैनिक जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच अधिक दगावत. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे मोकळी केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे मांडताना नाइटिंगेल यांना या घाणीचा खरा हिशेब उमगला, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तो हिशेब राज्यकर्त्यांना पटवण्यात घालवले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. (तसबिरीतला दिवाही खरा नाही, त्यांच्या हाती मेणबत्तीचा, घडी होणारा तुर्की कंदील असे.)

सीकोल यांचा जन्म १८०५ चा, जमैकातील किंग्स्टनचा. आईकडून त्या वनौषधी आणि रुग्णसेवा शिकल्या. पनामात पटकीची साथ आली तेव्हा रोग्यांना मोहरीचा लेप लावणे, दालचिनी घालून उकळलेले पाणी पाजणे, असे उपचार त्यांनी केले होते. क्रिमियासाठी त्यांनी लंडनमध्ये अर्ज केला, पण त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा स्वतःच्या पैशाने जाऊन १८५५ मध्ये बालाक्लाव्हाजवळ त्यांनी ‘ब्रिटिश हॉटेल’ उभारले. तेथे जेवण आणि सामान विकले जाई, म्हणून काही जण त्यांना व्यापारीच मानतात. मला हे अपुरे वाटते, कारण बँडेज आणि औषधे घेऊन लढाईच्या जागी जखमींपर्यंत जाणाऱ्या त्याच होत्या. युद्ध संपले आणि त्यांचे दिवाळे निघाले.

हा फरक आमच्याकडे उपकेंद्राच्या दारातच दिसतो. सकाळी सिस्टर लसीची पेटी खांद्याला लावून, पऱ्हाटीच्या (कापसाच्या) वावरातून जाणाऱ्या पायवाटेने कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जातात. ताप कोणाला आहे, कोणत्या बाईचे दिवस भरत आले आहेत, हे घरोघरी पाहतात. दुपारी त्याच सिस्टर रजिस्टर उघडून बसतात आणि एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या चार घरांत जुलाब झाल्याचे ओळीओळीतून त्यांच्या लक्षात येते. सकाळचे काम सीकोल यांच्या वाटेचे आहे, दुपारचे नाइटिंगेल यांच्या. दोन्ही वेगळी कौशल्ये आहेत. नुसत्या रजिस्टराने पोडावरचे मूल वाचत नाही आणि नुसत्या पायपिटीने विहीर शुद्ध होत नाही.

२०१६ मध्ये सीकोल यांचा पुतळा सेंट थॉमस रुग्णालयाच्याच आवारात उभा राहिला. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर अजून एकच तसबीर आहे, आणि तिच्या शेजारी दुसरा खिळा ठोकायला जागा आहे.