घंटानादशैली (टिंटिनाबुली)

घंटानादशैली : समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक रचनापद्धती. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट (जन्म १९३५) यांनी १९७६ मध्ये ‘फ्युर अलिना’ या पियानोच्या छोट्या रचनेत ती प्रथम वापरली. टिंटिनाबुली म्हणजे लॅटिनमध्ये लहान घंटा. हे संगीत लोक मन शांत व्हावे म्हणून ऐकतात; ते उभे मात्र काटेकोर हिशेबावर आहे.

हिशेब असा : दोन आवाज. पहिला सप्तकात एकेक पायरी चढतो-उतरतो. दुसऱ्याला तीनच स्वरांची मुभा, आपल्या भाषेत सा, ग आणि प. ‘फ्युर अलिना’त हा गंधार कोमल आहे. सुरुवातीला खर्जातला षड्ज वाजतो आणि पेडलने धरून ठेवला जातो. वर विरळ स्वर पडत राहतात. रचनेला ताल नाही. प्रत्येक तुकड्यात एकेक स्वर वाढत जातो, मग तसाच एकेक कमी होतो. एका ठिकाणी डाव्या हाताचा स्वर नियम मोडतो, आणि तिथे पार्ट यांनी स्वरलिपीत चक्क एक फूल काढले आहे.

ही पद्धत सहज सुचलेली नव्हे. १९६८ मध्ये त्यांची ‘क्रेडो’ ही उघड ख्रिस्ती श्रद्धेची रचना सोव्हिएत सत्तेला खुपली. पुढची काही वर्षे त्यांनी फार थोडे लिहिले. चर्चमधल्या जुन्या, सर्वांनी एकच चाल गायच्या गायनाच्या अभ्यासात ती गेली. १९७२ मध्ये ते ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दाखल झाले आणि १९८० मध्ये देश सोडला. व्हायोलिन आणि पियानोची ‘श्पीगल इम श्पीगल’ (१९७८) मराठी कानाला बहुधा सर्वांत लवकर रुचते : पियानो तीन-तीन स्वरांवर झुलत राहतो आणि व्हायोलिनची प्रत्येक ओळ फिरून गंधारावर येऊन थांबते. भूप ऐकत वाढलेल्याला हा न्यास समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की इथे बढत नाही, उपज नाही. सारे लिहिलेले.

पोलंडचे हेन्रिक गोरेत्स्की आणि इंग्लंडचे जॉन टॅव्हनर यांनाही समीक्षकांनी पार्ट यांच्याच पंगतीला बसवून ‘पवित्र मिनिमलिझम’ असे काहीसे कुत्सित नाव दिले; मिनिमलिझम म्हणजे मोजक्याच स्वरांवर, त्यांच्या आवर्तनांवर उभे संगीत. गोरेत्स्की यांच्या तिसऱ्या सिंफनीचे १९९२ चे ध्वनिमुद्रण दहा लाखांहून अधिक खपले. तिच्या दुसऱ्या भागातले शब्द मात्र गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीत अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर कोरलेले आहेत. झोप येण्यासाठी ती लावणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

अमेरिकन मिनिमलिझमचा आपल्याशी संबंध तर थेटच. टेरी रायली आणि ला माँट यंग हे किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. फिलिप ग्लास यांच्या ‘सत्याग्रह’ (१९८०) या गांधीजींवरील ऑपेरात गायक संस्कृतातून गीतेचे श्लोक गातात. नागपूरच्या श्रोत्याला सेवाग्राम इतके जवळ, पण हा ऑपेरा त्याच्या कानावर क्वचितच पडलेला असतो.

नागपुरात हे संगीत ऐकायचे ते मुख्यतः घरीच, ध्वनिमुद्रणावर. त्यात अडचण कूलरची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, घराघरांत कूलर घरघरत असतो, आणि ‘फ्युर अलिना’ इतक्या हलक्या आवाजात आहे की पहिल्या खर्जानंतर काही ऐकूच येत नाही. कूलर बंद केला की पाच मिनिटांत घाम. पंख्याच्या पात्यांचा आवाजही मध्ये येतो. म्हणून डिसेंबरची पहाट बरी, अंगावर शाल घेऊन. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची मौन श्रद्धांजली ज्यांनी अनुभवली आहे, लाखोंच्या गर्दीत खंजिरी थांबल्यानंतरचे ते क्षण, त्यांना पार्ट यांच्या दोन स्वरांमधली रिकामी जागा लांबली असे वाटत नाही. नवख्याला वाटते, तो मोबाईल उचलून गाणे बंद पडले की काय ते पाहतो.