रविवारचा चोजी आणि त्याचं कोपर

तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी तटतटून वर आली? ती पामॅरिस लॉंगस या स्नायूची कंडरा. काहींच्या हातात ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. अशाच एका दोरीवर चोजी मुरातानं आपली उरलेली कारकीर्द उभी केली.

मुराताचा जन्म 1949चा, हिरोशिमा प्रांतातला. 1968पासून तो ओरायन्स या जपानी बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. त्याच्या फेकीची ढब इतकी न्यारी, की लोक तिला ‘मासाकारी’ म्हणत. मासाकारी म्हणजे कुऱ्हाड. 1982 साली हे कुऱ्हाड चालवणारं उजवं कोपर दुखायला लागलं.

आपला गोलंदाज हात जवळपास ताठ ठेवूनच चेंडू टाकतो. पिचर कोपर वाकवून हात मागे नेतो आणि खांद्यातून चाबकासारखा पुढे आणतो. खांद्याच्या त्या फिरकीचा वेग सेकंदाला सुमारे 7000 अंश, मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक! त्या क्षणी कोपराखालचा हात मागे रेंगाळतो आणि कोपराची आतली बाजू फाकायला बघते. तिथं दोन हाडांना बांधून ठेवणारा एक छोटा पट्टा असतो, लिगामेंट. जोरदार फेकीत कोपरावर येणारा पीळ हा पट्टा एकटा सोसू शकत नाही. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात, म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की सगळं ओझं त्याच्यावर येतं.

पिचरच्या हाताला सुरी लावायची नाही, असा जपानमध्ये तेव्हा पक्का समज होता. मुरातानंही आधी बाकीचे सगळे उपाय करून पाहिले. शेवटी 1983मध्ये तो लॉस एंजेलिसला डॉ. फ्रँक जोब यांच्याकडे गेला. निकामी लिगामेंटच्या जागी कंडरा बसवण्याची शस्त्रक्रिया जोब यांनी 1974 साली टॉमी जॉन या अमेरिकी पिचरवर पहिल्यांदा केली होती, तेव्हा यशाची आशा शंभरात एक इतकीच धरली होती. मुराताच्या डाव्या मनगटातली कंडरा काढून त्यांनी उजव्या कोपरात बसवली. हाडांना भोकं पाडायची आणि त्यांतून कंडरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवायची, अशी ती पद्धत.

खरी गंमत यानंतर आहे. ओवलेली कंडरा लगेच लिगामेंट होत नाही. आधी तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, मग ताण ज्या दिशेनं येतो त्या दिशेनं तंतू नव्यानं रचले जातात. याला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लागतो, आणि सुरुवातीचे महिने ती सर्वांत नाजूक असते. घाई केली की तुटलीच. मला मुराताचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते या थांबण्याचं.

1985च्या हंगामात तो आठवड्यातून एकदा, रविवारी, मैदानात उतरू लागला. लोक त्याला ‘संडे चोजी’ म्हणू लागले. सुरुवातीचे सलग 11 सामने त्यानं जिंकले, हंगामाअखेर 17. जपानी पिचरांच्या मनातली सुरीची भीती त्या रविवारांनी पुष्कळ कमी केली. आज शोहेई ओहतानी कोपरावरच्या दोन शस्त्रक्रियांनंतरही खेळतो, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटत नाही.

1990मध्ये, वयाच्या चाळिशीत, मुरातानं 10 सामने जिंकले आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली. एकूण विजय 215. पुढे त्यानं जपानच्या दूरदूरच्या बेटांवरल्या शाळकरी मुलांसाठी बेसबॉल स्पर्धा सुरू केली. साठी उलटल्यावरही त्याच कोपरानं तो ताशी 130 किलोमीटरहून वेगवान चेंडू फेकत असे.