उन्हाळी तळे आणि गळाचे दोन तास

मे महिन्यातल्या एका सकाळी पवई तलावाच्या काठावर माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी गळाला आमिष लावण्याआधी दोरीला नुसते शिसे बांधून ते लांब फेकले, तळावरून हळूहळू फरफटत परत आणले आणि त्याला चिकटलेला काळा गाळ बोटावर घेऊन हुंगला. सडक्या अंड्याचा वास येताच त्यांनी सामान उचलले, पन्नासएक पावले पुढे जाऊन तोच प्रकार पुन्हा केला आणि या वेळी गाळ तपकिरी निघाल्यावर, ‘‘इथे या, तिकडे काही नाही,’’ एवढेच म्हणून ते बसले. मी हट्टाने जुन्या जागीच राहिलो. साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत त्यांना दोन रोहू मिळाले आणि ते घरी गेले. मी दुपारी एकपर्यंत उन्हात भाजून निघालो, पण माझा फ्लोट (मासा ओढतो तेव्हा बुडणारे दोरीवरचे तरंगते बोंडूक) एकदाही बुडाला नाही.

कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, ती गळाने केलेली मासेमारी म्हणजे संयमाची परीक्षा, जितका वेळ बसाल तितके मासे अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. उन्हाळ्यातल्या तळ्यापुरता हा समज चुकीचा आहे. या दिवसांत रोहू, कटला, मृगळ हे कार्प कुळातले मासे दिवसातून थोडाच वेळ मन लावून खातात आणि तो वेळ कोणता, हे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ठरवतो.

समुद्रसपाटीच्या पातळीवर २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले की ही मर्यादा सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येते. हवेच्या तुलनेत दोन्ही आकडे नगण्यच आहेत, कारण आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. त्यातच पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असल्यामुळे ते कल्ल्यांवरून सतत ढकलत राहण्याचे कष्ट माशाला वेगळे करावे लागतात. मासा शीतरक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीरातले सगळे व्यवहार वेगाने होऊ लागतात; ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज दुप्पट होते. मिळकत घटली आणि खर्च दुपटीने वाढला, अशी ही ओढाताण असते. त्यात अन्न पचवणे हे खर्चाचे काम, म्हणून प्राणवायू कमी पडला की मासा पहिली काटछाट खाण्यात करतो. मत्स्यशेतीत लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वरचे पाणी चांगले मानतात आणि ३ च्या खाली कार्प मासे जवळजवळ खाणे सोडतात. तापमानाचे म्हणाल तर रोहू-कटल्याला २५ ते ३२ अंशांचे पाणी उत्तम मानवते. म्हणजे अडचण निव्वळ उष्णतेची नसते.

आता पाण्यातला प्राणवायूचा हा साठा दिवसभर स्थिर राहत नाही, हा खरा गमतीचा भाग. पवई हा १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला तलाव. त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही म्हणून तो वापर सुटला आणि पुढे शहराच्या सांडपाण्याने त्यात जलपर्णी आणि शेवाळ माजवले. अशा हिरव्या पाण्यातले सूक्ष्म शेवाळ ऊन असेपर्यंत प्रकाशसंश्लेषणातून भरपूर प्राणवायू सोडते, इतका की दुपारी उशिरा वरच्या थरात तो विरघळण्याच्या मर्यादेच्याही वर गेलेला असतो. सूर्य मावळला की हेच शेवाळ इतर सजीवांसारखा नुसता श्वास घेऊ लागते. मासे, किडे आणि गाळातले जिवाणू तर रात्रंदिवस श्वास घेतच असतात. रात्रभर साठा उतरत जातो आणि पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास, तो सर्वांत कमी असतो.

त्यामुळे ‘पहाटे चारला जाऊन बसा, तेव्हाच मासा खातो’ हा सल्ला स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्याला लागू पडला तरी शेवाळलेल्या उन्हाळी तळ्यात फसवा ठरतो. पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करणारे मासे दिसतात आणि नवखा माणूस हरखून जातो, पण ते मासे खात नसतात, धापा टाकत असतात. हवेला लागून असलेल्या पातळ थरात थोडा जास्त प्राणवायू असतो, तेवढ्यासाठी ते वर आलेले असतात. त्यांच्या नाकासमोर उत्तम आमिष लोंबत ठेवले तरी ते ढुंकून पाहत नाहीत. ऊन अंगावर येऊन तास-दीड तास झाला, शेवाळ कामाला लागले, की मासे खाली उतरतात आणि चरू लागतात. शेजारच्या गृहस्थांचे साडेसात म्हणूनच साडेसात होते.

मग दुपारी, प्राणवायू भरपूर असताना, मासा का खात नाही? याचे उत्तर त्या शिशाला लागलेल्या गाळात होते. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते आणि खालचे गार पाणी जागचे हलत नाही. उष्ण प्रदेशात हे थर विशेष घट्ट बसतात, कारण ३० अंशांच्या आसपास एका अंशाच्या फरकाने पाण्याच्या घनतेत जो बदल होतो तो १० अंशांच्या आसपास होणाऱ्या बदलाच्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे वर ३२ आणि खाली २९ अंश, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या फरकानेही वरचा प्राणवायू खाली जाण्याचा रस्ता बंद होतो. तळाच्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू संपवून टाकतात. त्यानंतर प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि त्याची लोहाशी संयोग झालेली संयुगे गाळाला काळा रंग देतात. जिथे प्राणवायू पोहोचतो तिथले लोह गंजते, म्हणून तिथला गाळ तपकिरी. दुपारी मासा या दोन संकटांच्या मध्ये सापडतो: वर नको इतके तापलेले, प्रखर उजेडाचे पाणी आणि खाली गुदमरवणारे. तो जलपर्णीच्या कडेला, पुलाखाली, झाडाच्या सावलीत मधल्या थरात निपचित उभा राहतो.

दुपार कलल्यावर चित्र पुन्हा पालटते. मुंबईत मे महिन्यात दुपारी समुद्राकडून खारे वारे जोर धरतात, वरचे तापलेले आणि प्राणवायूने भरलेले पाणी ते पूर्वेच्या काठाकडे ढकलतात आणि लाटांनी थोडेफार घुसळतातही. त्या पाण्याबरोबर तरंगते सूक्ष्म जीव वाहत येतात, त्यांच्यामागे कटला येतो. तेव्हा संध्याकाळी पाच ते सात या वेळात वारा तोंडावर येईल अशा काठावर बसावे. टोपी उडते, फ्लोट नीट दिसत नाही, पण मासे तिकडेच असतात. पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मात्र टाळावा.

या माशांविषयी एक गोष्ट काठावर बसणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आणि साचलेल्या पाण्यात ते प्रजनन करत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण पुराच्या वाहत्या पाण्याची चाहूल लागल्याशिवाय ती बाहेर पडत नाहीत, शरीरातच पुन्हा शोषली जातात. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, आणि तेव्हापासून देशभरातल्या तळ्यांना मत्स्यबीज मिळू लागले. तळ्यात सापडणारा रोहू म्हणजे जवळजवळ नेहमीच कोणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, म्हणून सोडलेला मासा असतो. परदेशातून आलेला कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात, तो याला अपवाद: तो साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतो.

रोहू, कटला आणि मृगळ या तिघांचे चरण्याचे मजले वेगळे आहेत. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरातले प्राणीप्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म प्राणी, कल्ल्यांच्या बारीक गाळणीतून गाळून खातो. झालरीसारख्या ओठांचा रोहू मधल्या थरात आणि शेवाळावर चरतो. मृगळ तळातला कुजका पाचोळा उपसतो. आमिष किती खोल सोडायचे हे यावरून ठरवावे. तिघांनाही जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, आणि ते कवटीच्या तळाशी असलेल्या कठीण गादीवर अन्न रगडतात, पाटा-वरवंट्यासारखे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना जठर नसते: नळीसारखे लांबच लांब आतडे, साठवणुकीची सोयच नाही. म्हणून हा मासा एका बैठकीत पोटभर जेवून निवांत पडत नाही. थोडे थोडे, वारंवार, पाणी साथ देईल तेव्हा खातो.

आपल्याकडे दोनच तास असले की याचा अर्थ असा होतो की चारा कमी टाकावा. शेंगदाण्याची पेंड, भाजलेले सातूचे पीठ आणि कोंडा यांचे मुठीएवढे दोन-तीन गोळे पुरेत. ओठांवर आणि तोंडाच्या आत या माशांना चवीच्या असंख्य कळ्या असतात आणि पेंडीतून पाण्यात उतरणारी अमिनो आम्ले त्यांना चटकन कळतात. गरज असते ती वासाच्या वाटेची, ढिगाची नव्हे. मी बादलीभर चारा ओतणारी माणसे पाहिली आहेत. तो सगळा चारा खाल्ला जात नाही, तळाशी कुजतो आणि कुजताना त्याच जागेचा उरलासुरला प्राणवायू खातो.

चारा टाकल्यावर फ्लोटकडे टक लावण्याऐवजी बुडबुडे पाहावेत. गाळातून आपसूक सुटणारा वायू मोठमोठ्या बुडबुड्यांनी एकाच जागी वर येतो आणि थांबतो. मृगळ किंवा सायप्रिनस गाळ उपसू लागला की बारीक, साबुदाण्याएवढ्या बुडबुड्यांची फेसाळ रांग उठते आणि ती सरकत जाते; हातभर पुढे, मग थोडी वळून पुन्हा. ही रांग चाऱ्याच्या दिशेने येताना पाहणे हा मासा लागण्याहूनही मोठा आनंद आहे, असे माझे मत आहे. त्या वेळी गप्पा मारायला हरकत नसते, कारण हवेतल्या ध्वनीची जेमतेम हजारांश ऊर्जा पाण्यात शिरते. पाय आपटणे मात्र महागात पडते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० साली वर्णन केलेली चिमुकल्या हाडांची साखळी या माशांचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, थेट आतल्या कानाशी जोडते, आणि काठाच्या मातीतून पाण्यात उतरलेली धप्प त्यांना नगाऱ्यासारखी ऐकू जाते.

मासा लागल्यावरही घाई करावी, ती वेगळ्या कारणासाठी. जोराने ओढणारा मासा पांढऱ्या स्नायूंच्या बळावर, प्राणवायूवाचून शक्ती वापरत असतो आणि नंतर कित्येक तास त्याची परतफेड करतो. कोमट, प्राणवायूने गरीब पाण्यात ही परतफेड काही माशांना जमत नाही. सोडायचा असेल तर दोरी जाड वापरून लवकर काठाशी आणावा, हात ओले करूनच धरावा आणि पाण्यात सरळ उभा धरून कल्ले नियमित हलू लागल्यावर सोडावा. मेअखेरच्या फुगलेल्या पोटाच्या मादीला तर पाण्याबाहेरही काढू नये.

मेअखेरीस आकाश ढगाळू लागते, वारा पडतो, आणि शेवाळाला ऊन न मिळाल्याने दुपारचीही प्राणवायूची कमाई आटते. त्यावर पहिला जोरदार पाऊस पडला की वरचे पाणी एकाएकी गार होऊन खाली बसते आणि तळाचे काळे पाणी वर येते. नद्या-ओढ्यांच्या काठावरची माणसे वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या, माशांमागे शेतात धावत असतात, त्याच दिवसांत शेवाळलेल्या तळ्यांवर मेलेले मासे तरंगताना दिसतात, आणि कोणीतरी विष टाकल्याची बोलवा उठते. ते वयस्कर गृहस्थ पहिल्या पावसानंतर आठवडाभर गळ बांधतच नाहीत. सकाळी येतात, शिसे फेकतात, गाळ हुंगतात आणि थर्मासमधला चहा पिऊन परत जातात.