ओबोवादनाची अमेरिकन परंपरा

ओबो हे सनईच्याच जातीचे, शंक्वाकार नळीचे व दुहेरी रीडचे (फुंकताच कंप पावणाऱ्या बोरूच्या दोन पातळ पात्यांचे) पाश्चात्त्य सुषिरवाद्य. ते वाजवण्याची, आणि त्याहूनही त्याची रीड तासण्याची, एक खास रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फियात रुजली. तेथून ती अमेरिकेतील वाद्यवृंदांत व विद्यापीठांच्या संगीत विभागांत पसरली. तिलाच अमेरिकन परंपरा म्हणतात. वाद्याची घडण मात्र पॅरिसच्या लोरे कारखान्याच्या वळणाची, म्हणजे फ्रेंचच राहिली. वेगळेपण रीडमध्ये, श्वासात व शिकवणीत आहे.

उगम : परंपरेचे आद्य पुरुष मार्सेल ताब्यूतो (1887–1966). पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत ओबोचे अध्यापक झॉर्झ झिले यांच्याकडे शिकून त्यांनी 1904 मध्ये प्रथम पारितोषिक मिळवले. वाद्यवृंदसंचालक वॉल्टर डॅमरॉश यांनी 1905 मध्ये न्यूयॉर्क सिंफनीसाठी फ्रान्स-बेल्जियममधून जे पाच वादक आणले, त्यांत ते होते. 1915 ते 1954 ते फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे प्रमुख ओबोवादक होते आणि 1924 पासून तेथीलच कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतविद्यालयात अध्यापक.

लांब तासणीची, म्हणजे जवळजवळ दोऱ्याच्या बांधणीपर्यंत तासलेली, रीड मूळ कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. ती बीजरूपाने झिले यांच्याकडूनच आली, असे एक मत. परंतु झिले यांचेच पुतणे व शिष्य फेर्नां झिले 1925 ते 1946 बॉस्टन सिंफनीत प्रमुख वादक होते आणि त्यांचे वादन फ्रेंच वळणाचेच राहिले. रीत पॅरिसची असती तर ती बॉस्टनमध्येही दिसायला हवी होती. दुसऱ्या मतानुसार, अमेरिकन वाद्यवृंदांतील जर्मन वादकांचा गडद नाद व फ्रेंच लवचिकपणा यांचा मेळ घालण्याच्या खटपटीतून ताब्यूतो यांनी ती हळूहळू घडवली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र तिला एखादे निश्चित वर्ष देता येत नाही. ती साधारणतः दोन महायुद्धांच्या दरम्यान स्थिरावली असावी.

रीडची घडण : रीडसाठी अरुंडो डोनॅक्स हा बोरू वापरतात. फ्रान्सच्या वार प्रांतातील बोरू विशेष नावाजलेला. सुमारे 10 ते 11 मिमी व्यासाची कांडी उभी तीन भागांत चिरतात, आतून कोरून मध्यभागी सुमारे 0.58 ते 0.60 मिमी जाडीवर आणतात, भिजवून दुमडतात, साच्यावर आकार देतात आणि 47 मिमीच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधतात. दोरा नळीच्या टोकापर्यंतच यावा. त्यापुढे गेला तर पात्यांचे कंपन गुदमरते. अलीकडेच थांबला तर कडांतून हवा गळते.

युरोपीय रीडमध्ये टोकाकडचा थोडाच भाग तासतात. अमेरिकन रीड जवळजवळ दोऱ्यापर्यंत तासली जाते. उजेडासमोर धरली की तिचे भाग स्पष्ट दिसतात : टोक सर्वांत उजळ, त्यामागे काळसर ‘हृदय’, आणि त्याखाली मधला कणा व दोन्ही कडा राखून काढलेल्या दोन उजळ खिडक्या. पुरी झालेली रीड सुमारे 70 मिमी भरते. नुसती रीड ओठांत धरून फुंकली असता दोन सप्तकांतला ‘सी’ एकाच वेळी ऐकू आला पाहिजे. तो उतरला तर टोक केसभर छाटतात. चढला तर खिडक्यांतून थोडे काढतात. हृदय जास्त तासले गेले तर नाद फाटतो, वरचे स्वर उतरतात, आणि काढलेले लाकूड परत घालता येत नाही. हवा बदलली की कालची चांगली रीडही आज अडते, म्हणून वादक कार्यक्रमाला एकापेक्षा अधिक रीडी नेतो. चाकूला धार नसेल तर बाकी कौशल्य वाया जाते. पुष्कळशा नवशिक्यांचे अपयश येथेच असते.

अध्यापन : ताब्यूतो स्वरांना आकडे देत. आकडा स्वराची लांबी नव्हे, तर त्याची तीव्रता दाखवी. चढत्या आकड्यांनी वाक्य पुढे सरके व उतरत्यांनी विसावे. बारे यांची वादनपद्धती व फेर्लिंग यांचे 48 अभ्यासपाठ ही अजूनही पहिली सामग्री असते.

प्रसार : शिष्यांचा मार्ग बहुधा दुहेरी असे, वाद्यवृंदात खुर्ची आणि सोबत अध्यापन. जॉन द लान्सी यांनी 1954 मध्ये गुरूंची जागा घेतली व पुढे कर्टिसचे संचालकपद सांभाळले. रॉबर्ट ब्लूम येल विद्यापीठात, तर जॉन मॅक क्लीव्हलंडमध्ये शिकवत. शिकागो सिंफनीचे रे स्टिल नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवत, परंतु ते ताब्यूतो यांचे थेट शिष्य नव्हते. कर्टिसमधून ओबोची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री लायला स्टॉर्च ह्यूस्टन सिंफनीत प्रमुख वादक होत्या; नंतर त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन केले.